पिठाचा दमा

माझं माहेर हातकणंगल्याच्या पलीकडं, शेतकऱ्याचं. आमच्याकडं तेव्हा पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं. ताप उतरला की वडील बाजारातून एखादा पाव आणायचे आणि आई तो दुधात कुस्करून भरवायची. त्यामुळं मला सांगून आलेल्या मुलाची कोल्हापुरात बेकरी आहे हे ऐकल्यावर माझ्या आत्यानं काळजीनं विचारलं होतं, की तिथं रोज एवढी माणसं आजारी पडतात का. सगळे हसले. मीही हसले. साठ सालानंतरची ही गोष्ट, मी तेव्हा अठरा वर्षांची होते.

सासर शिवाजी पेठेत. पुढं दुकान, मागं भट्टी आणि वर आमच्या दोन खोल्या. भट्टी सासऱ्यांनी बांधून घेतलेली, विटांची, आत माणूस रांगत जाईल एवढी मोठी. सासरे मी येण्याआधीच वारले होते. शेवटची काही वर्षं त्यांना जिना चढवत नसे, असं सासूबाई सांगायच्या. वयाचं म्हणून कुणी फारसा विचार केला नाही. ते गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नवऱ्याला मी चारचौघींसारखं ‘हे’ म्हणायचे, इथंही तसंच लिहिते. हे उंच, हाडापेरानं मोठे. दुपारी लाकडी हौदात मैदा मळायला उभे राहिले की कोपरापर्यंत हात पांढरे व्हायचे. मळताना बोलायचे नाहीत. खमीर किती घालायचं ते हवा बघून ठरवायचे. भट्टी तापली का ते बघायला चिमूटभर पीठ आत टाकायचे आणि त्याचा रंग कधी बदलतो यावर नजर ठेवायचे. हाताखाली दोन गडी आणि एक चाचा. चाचा सासऱ्यांच्या वेळचे कारागीर, खारी आणि बटर त्यांच्या हातचं. मी पुढं दुकानात बसायचे. भट्टीकडं बायकांचं काम नाही, असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण तसंच होतं.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मुलगी झाली. मग यांना शिंका सुरू झाल्या. मैद्याचं पोतं फोडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पुढं खोकला, आणि खोकल्यानंतर छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज. सासूबाईंनी आल्याचा रस दिला, ओव्याचा शेक दिला. एकदा आम्ही माझ्या माहेरी लग्नाला चार दिवस राहिलो, तेव्हा हे कितीतरी दिवसांनी उताणे झोपले. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा उशीला टेकून बसले.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ छाती तपासत राहिले आणि म्हणाले, “हा पिठाचा दमा आहे. तुम्हाला हा धंदा सोडावा लागेल.”

“डॉक्टरसाहेब, मी पिठातच जन्मलोय की,” हे म्हणाले. त्यांना ते खरोखर पटलं नव्हतं. धुरानं दमा होतो हे ऐकलं होतं. ज्या पिठावर घर जगतं त्या पिठानं कसा होईल?

दोन वर्षं त्यांनी तोंडाला ओलं फडकं बांधून काम केलं. शेवटी एका दुपारी हौदापाशी मळता मळता गुडघ्यावर आले. मी आत गेले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि चाचा त्यांची पाठ चोळत होते. आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर या वेळी त्यांच्याशी बोललेच नाहीत, मला बाहेर बोलावून म्हणाले, की यांना भट्टीकडं पाठवू नका.

दुसरं काय करायचं? माझा चुलतभाऊ कबनूरला यंत्रमागावर होता. त्यानं शब्द टाकला आणि यांना तिथं काम लागलं. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. तीनेक महिने गेले असतील. एका बुधवारी दुपारी मी दुकानात असताना हे गल्लीतून भिंत धरत येताना दिसले. पायरीवर बसले. केसांत, भुवयांत कापसाची धूळ होती. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाले, “तिथंबी पांढरं, हितंबी पांढरं. मला दुसरं काय येत न्हाय गं.”

त्यानंतर मी भट्टीवर उभी राहिले. एका गड्यानं बाईच्या हाताखाली राहणार नाही म्हणून काम सोडलं. चाचा राहिले, पण त्यांना आता नीट दिसत नव्हतं. हे समोरच्या तालमीच्या कट्ट्यावर बसायचे, गल्लीच्या पलीकडं, आणि तिथून सांगायचे. धुराड्यातून काळा धूर आला की ओरडायचे, लाकूड ओलं आहे. वास आला की ओरडायचे, आता काढा. तालमीतली पोरं आधी हसायची, मग हसायची थांबली. माझा पहिला घाणा जळाला, दुसरा कच्चा राहिला. हातांवर चटके बसले. दोन-तीन महिन्यांनी मला वास कळायला लागला. धूर न बघता, कुणी न सांगता कळायला लागला.

एका सकाळी पाव असे फुलून आले की चाचांनी हातात घेऊन नुसते चाचपले आणि मान हलवली. मी त्यातला एक पदरात धरून कट्ट्यावर गेले. मला इतका आनंद झाला होता. यांनी पाव मोडला, आतली जाळी बघितली, बोटानं दाबला, तो पुन्हा वर आला. चांगला झालाय, म्हणाले. खाल्ला मात्र नाही. बाजूला ठेवला आणि तालमीच्या दाराकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, “म्हंजे आता माझ्याबिगर व्हतंय.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण आत दुसरा घाणा लागला होता, मी पळत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी कट्ट्यावरून सांगणं सोडून दिलं. बसायचे, पण पाठ करून. घरातही बोलणं कमी झालं. मुलीनं काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर. धंदाही तोवर बदलत होता. मिसळवाले आमच्याकडून पाव न्यायचे, ते एकेक करून मेणकागदातल्या, मशीनवर कापलेल्या स्लाइस ब्रेडकडं वळले. एकानं तोंडावर सांगितलं, वहिनी, तुमचा पाव चांगला हाय, पण गिऱ्हाइकाला स्लाइसच लागतोय. चाचा डोळ्यांमुळं यायचे बंद झाले. आम्ही तरलो ते दिवाळीवर.

दिवाळीच्या आधी आठ दिवस पेठेतल्या बायका घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजायला यायच्या. डबे ओळीनं लावायचे, प्रत्येकावर खडूनं खूण करायची. त्या वर्षी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. उरलेल्या एका गड्याला ताप होता आणि मी एकटी. पीठ मळू की भट्टीतले पत्रे काढू, मला सुधरत नव्हतं. मान वर केली तर हे हौदापाशी उभे होते. बाह्या वर, तोंडाला फडकं नाही.

हाताला धरून त्यांना बाहेर काढायला पाहिजे होतं. मी एकदा रांगेकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि पत्रा आत सरकवला.

दुपारपर्यंत त्यांनी काम केलं. कितीतरी वर्षांत ते असे दिसले नव्हते. बायकांची थट्टा करत होते, कुणाच्या डब्यात तूप कमी आहे ते वासावरून सांगत होते. एका म्हातारीला म्हणाले, मावशी, साखर घालायला विसरलाय जणू. सगळ्या हसल्या. खोकला येत होता, ते भिंतीकडं तोंड करून खोकत होते आणि पुन्हा हौदात हात घालत होते. मला ते ऐकू येत होतं. शेवटचा डबा गेल्यावर ते तिथंच पोत्यावर टेकले आणि नुसता हात वर केला. रिक्षा येईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं. चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले. बाहेर फटाके वाजत होते.

नंतर मी वर्षभर भट्टी चालवली, ती कशी ते मला आठवत नाही. मग बंद केली. ऐंशी साल उलटल्यावर गवंड्यांनी भट्टी फोडली, विटांचा ढीग चार दिवस दारात होता. ती जागा आता कापडवाल्याला दिली आहे. मुलगी मी शिक्षकाच्या घरी दिली.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती आली होती. फराळाला बसलो असताना तिनं विचारलं, “आई, त्या दिवशी बाबांना आत कुणी जाऊ दिलं?”

कुणी नाही, मी म्हणाले, ते आपले आपणच गेले.

तिनं ते मान्य केलं. जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण त्यांना मी का थांबवलं नाही? इतक्या दिवसांनी ते हसत होते म्हणून, की बाहेर रांग होती आणि मला दोन हात हवे होते म्हणून? किती वेळा आठवून बघितलं. हातातला पत्रा आठवतो, त्याचा चटका आठवतो. मनात काय होतं ते आठवत नाही.