मामाने दवडलेला मेंढा

मे महिन्यात सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटू लागलं, तरी आमचा मामा केसाळ लोकरी टोपी घालूनच बाजारात जायचा. कानांवरच्या पट्ट्या घामाने भिजून लोंबत असायच्या. कुणी विचारलंच, "मामा, उकडत नाही का?" तर तो शांतपणे म्हणे, "उकडतं ना भो. पण परदेशातून आणेल वस्तू पेटीत ठेवली तर आणली कशाला?"

गल्लीत त्याला शिकारीमामा म्हणत. त्याने जन्मात बंदूक धरली नव्हती. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आलेला मामा साड्या रंगवणाऱ्या एका मिलच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. मिलचे म्हातारे पारशी शेठ मात्र खरे शिकारी. शिकारीवर बंदी येण्याआधीच्या काळातली शिंगं त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेली होती, आणि त्यांचा नेम कधी चुकला नाही, हे मिलमध्ये सूर्य उगवण्याइतकं नक्की मानलं जाई.

शेठची एकच इच्छा राहिली होती. उंच डोंगरावरचा, वेटोळ्या शिंगांचा रानमेंढा. किरगिझस्तानात परवाना काढून, वाटाड्या घेऊन अशी शिकार करता येते, हे त्यांना नव्वदच्या दशकात कळलं, तोवर गुडघे गेले होते आणि छाती कुरकुरत होती. डॉक्टर म्हणाले, "एकदा जाऊन या. पुन्हा नाव काढायचं नाही." पण शेठच्या पोटाला मामाच्या खिचडीशिवाय काही सोसत नव्हतं. म्हणून मामाचा पासपोर्ट निघाला.

मामाचं एक तत्त्व होतं : "देव सुटला तरी चालेल, कुकर सुटू नये." तो कुकर त्याने बर्फापर्यंत नेला. पहिली शिट्टी झाली आणि वाटाड्या तंबूतून उडी मारून बाहेर आला. डोंगरात आवाज म्हणजे मेंढे पसार, असं त्याने हातवारे करून बजावलं. तेव्हापासून मामा शिट्टी वाजायच्या बेताला कुकर उतरवायचा, त्याच्यावर गोधडी टाकायचा आणि बाळ निजवावं तसा थोपटायचा.

शेवटच्या दिवशी मेंढा दिसला. शेठ बर्फात पालथे पडले, शेजारी पाण्याची बाटली घेऊन मामा, पलीकडे वाटाड्या. मेंढा समोरच्या कड्यावर दगडासारखा उभा. शेठचं बोट बंदुकीच्या चापावर गेलं आणि मामाने त्यांचा खांदा धरला.

"शेठ, थांबा. त्यानं आंग झाडेल नाही अजून."

खंडेरावाला बोकड देताना त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवाचा होकार. तोवर सुरीला हात लावायचा नाही. मिलमधल्या आमच्या कामगारांच्या बोकडासमोर शेठही दरवर्षी हात जोडून ताटकळत असत. आमची भाषा त्यांना कळायची, रीतही ठाऊक होती. पण ही काय वेळ!

"अरे डफोळ, इथे पाणी कोण शिंपडणार?"

"वरून बर्फ पडतंय ना, शेठ. देवच शिंपडतोय."

का कोण जाणे, शेठ थांबले. बर्फ मेंढ्याच्या पाठीवर साचत राहिलं. वाटाड्या कपाळ बडवून घेत होता, पण आवाज न करता. शेठ मध्येच कुजबुजले, "झाडलं?" मामा म्हणाला, "नाही." आणि मग मेंढ्याने नाकापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की बर्फाचा धुरळा उडाला.

बोकडाने अंग झाडलं की सगळ्यांनी गजर करायचा असतो. मामा ताडकन उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "येळकोट येळकोट, जय मल्हार!"

चारी डोंगरांनी गजर परत केला. मेंढा कुठल्या डोंगरावर गेला, ते खंडेरावालाच माहीत.

शेठ बंदूक रिकामी करून खाली उतरले. नोकरी गेली, असं धरून मामाने खिचडी वाढली. ती संपवून शेठ म्हणाले, "सुरतेत सांगायचं, शेठचा नेम चुकला. खरं कळलं तर मिलमधले लोक तुला जगू देणार नाहीत."

मामाने तसंच सांगितलं. घरात आम्हाला खरं ठाऊक, बाहेर मात्र नेम चुकला. रंगखात्यातली माणसं शेठच्या मागे डोळा मारून बंदूक रोखल्याची नक्कल करायची. ते पाहून आलेला मामा त्या दिवशी जेवायचा नाही. मामी म्हणायची, "मग सांगून टाका ना एकदाचं." तो म्हणे, "शेठचा शब्द आहे."

दोनेक वर्षांनी शेठ गेले. तिसऱ्या दिवशी, उठमण्याच्या प्रार्थनेनंतर बंगल्याच्या ओट्यावर सगळी मिल बसली होती. मी मामासोबत होतो. शेठची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पप्पांचा नेम आयुष्यात एकदाच चुकला."

मामा उठला. टोपी काढून काखेत धरली.

"नाही चुकला, ताई. बंदूक उडालीच नाही. मीच येळकोट केला."

मग सगळं सांगितलं, कुकरच्या गोधडीपासून. आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग ताईच हसली, रडता रडता, आणि तिच्यामागे सगळा ओटा. रंगखात्याचा मुकादम हसता हसता खाली बघू लागला.

दुसऱ्या दिवसापासून शिकारीमामा हे नाव बुडालं. पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, "येळकोटमामा!" आणि तो ढेकर दिल्यासारखा तृप्त चेहरा करून हात वर करायचा.

गेल्या महिन्यात मामा गेला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर पोरांनी त्याचं नाव लिहिलं आणि खाली कंसात 'येळकोटमामा'. मामीने ते वाचलं, पदराचं टोक ओलं करून ती कंसातलं नाव पुसायला पुढे झाली. हात कंसापर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला. मग त्याच पदराने तिने डोळे पुसले आणि घरात गेली.