दोन्हीकडचा एकच जबाब

नोकरीत मृतदेह पुष्कळ पाहिले, पण धामणगाव बढेजवळच्या खदानीत, छातीवर धोंडा घेऊन पडलेला तो तरुण आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी त्या भागात फौजदार होतो. नव्या रस्त्यासाठी खडी फोडायला वडारांची पालं माळावर पडली होती. मेलेला पोरगा त्यांच्यातलाच.

वर्दी आली ती अपघाताची. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत तपासणीला पाठवलं. मृत्यू डोक्यामागच्या घावाने झाला होता. छातीवरचा धोंडा नंतर पडला असावा, असं डॉक्टर म्हणाले, पण खात्री देईनात.

मला खटकले ते जबाब. गाव आणि पालं यांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. वडारांची गाढवं वांग्यात शिरली म्हणून भांडण, विहिरीवर घागर कुठे टेकवली म्हणून भांडण. आणि इथे दोन्हीकडचे लोक एकाच वाक्यात बोलत होते: "पाय घसरला अन् धोंडा अंगावर आला." पाहणारा मात्र कोणीच नव्हता. मी जमादारांना सांगितलं, कागद बंद करू नका.

बाजाराच्या दिवशी गावोगाव बांगड्या विकणारी कासारीण चौकीवर आली. दार लोटून घेत म्हणाली, "साहेब, त्या पोरानं माह्याकडून दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्या नेल्या होत्या. वडारणी काचेच्या फक्त डाव्या हातात घालतात. उजव्या हातात घण असते ना! मंग ह्या कोनासाठी?"

"कोणासाठी?"

"बागाइतदाराच्या घरी गेलती काल. पोरीचे दोन्ही हात भुंडे, मनगटावर ओरखडे. तिच्या मायनं तिले आत लोटलं अन् मले दारातूनच वापस केलं."

बागाइतदार म्हणजे भाजीपाल्याची मोठी बाग असलेला शेतकरी. वडार पिण्याचं पाणी त्याच्याच विहिरीवरून नेत. पोरगी वीसेक वर्षांची, आणि तिचा थोरला भाऊ तापट म्हणून प्रसिद्ध.

भावाला चौकीवर बोलावलं. खदानीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आरोपी ज्या प्रश्नाची तयारी करून येतो, तो प्रश्न आधी विचारायचा नसतो. मी म्हणालो, "बहिणीच्या बांगड्या कोणी फोडल्या?"

त्याचा चेहरा उतरला. "ते माह्या घरची गोष्ट हाय साहेब."

"मग घरीच जाऊन विचारतो."

त्याला जमादारांच्या ताब्यात ठेवलं, कासारीण आणि पोलीस पाटलांना सोबत घेतलं. पोरगी मागच्या खोलीत कोंडलेली होती. कडी काढताच ती बाहेर आली. रडली नाही. "मीच येनार होती तुमच्याकडे, पन दार बंद होतं," म्हणाली.

तिने सांगितलं ते असं: ती आणि तो मुलगा मलकापूरहून गाडी धरून निघून जाणार होती. दुपारी वडार जेवायला पालावर गेले की ती खदानीत भेटत. त्या दिवशी भाऊ मागोमाग आला. कुऱ्हाडीच्या तुंब्याचा, म्हणजे मागच्या बोथट बाजूचा, एकच घाव. मग त्याने बहिणीला ओढत घरी नेलं आणि वाटेत कुऱ्हाड विहिरीत टाकली. गळ टाकून पंचांसमक्ष ती आम्ही बाहेर काढली. वडार रोज पाणी भरत, तीच विहीर.

त्यानंतर पालावरच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला विचारलं, "तुमचा पोरगा मारला, तुम्ही गप्प का बसलात?"

तो म्हणाला, "त्या पोरीचा बाप आला होता साहेब. म्हणाला, पाणी बंद करतो. पालात लेकरं हायेत. अन् पोरानं जात सोडली तेव्हाच आमी त्याच्यावर पाणी सोडलं होतं."

दोन्ही बाजूंनी मिळून धोंडा ठेवला होता. जे लग्नासाठी एकत्र बसले नसते, ते प्रेत लपवायला एकत्र बसले.

बुलढाण्याच्या सेशन कोर्टात पोरगी साक्षीला उभी राहिली. बचावाच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला लाज वाटत नाही?"

ती म्हणाली, "भावाच्या बाजूनं सारं गाव आलं हाय. जो मेला त्याच्याकडून बोलाले कोनी हाय काय इथं?"

भावाला जन्मठेप झाली. पुरावा लपवल्याबद्दल तिच्या बापाला आणि वडारांच्या पुढाऱ्यालाही शिक्षा लागली. पोरीला घर बंद झालं. निकालाच्या दिवशी मेलेल्या मुलाची आई कोर्टाबाहेर बसली होती. तिला मराठी मोडकीतोडकीच येई. तिने पोरीला हाताने जवळ बसवलं, फडक्यातली अर्धी भाकर दिली. संध्याकाळी दोघी एस.टी. स्टँडकडे जाताना मी पाहिल्या. कुठे गेल्या, ते मी विचारलं नाही.

जबाब जुळले की पुष्कळ अधिकाऱ्यांना हायसं वाटतं. या केसनंतर मला कधी वाटलं नाही. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकच वाक्य बोलू लागली, की त्यांनी गप्प बसवलेलं माणूस कोण आहे, हे मी आधी शोधलं. बहुतेक वेळा ते त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी घरात, कडी लावलेल्या खोलीत सापडलं.