टॉवेलखालची खाज

ज्या दुखण्याचं नावही घ्यायचं नसतं, त्याचेच किस्से सगळ्यात जास्त साठतात. नाशिकला द्वारका चौकाजवळ माझा बायकांचा दवाखाना आहे. बाहेरच्या बाकावर कोण कशासाठी आलंय, ते मला दारातूनच कळतं. योनीला खाज सुटलेली बाई एका जागी बसत नाही. उठते, पंख्याखाली जाते, पुन्हा बसते. आत आल्यावर मात्र म्हणते, "मॅडम, जरा डोकं दुखतंय."

डोक्याची गोळी लिहून होते. बाई उठते आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणते, "आणि ते... खाली पण थोडं." म्हणून हल्ली मी गोळी लिहायला मुद्दाम वेळ लावते.

*

एक शिक्षिका रोज जंतुनाशकाने धुवायच्या. "आग होते, पण स्वच्छता नको का?"

"अहो, ती फरशी आहे का? बाहेरून साधं पाणी पुरे. आतून तर काहीच धुवायचं नाही."

बऱ्या झाल्यावर पेढे घेऊन आल्या. सोबत जंतुनाशकाची उरलेली बाटली. "तुमच्या फरशीला होईल!"

*

शिवणकाम करणाऱ्या शबानाआपांनी नवऱ्याची गजकर्णाची ट्यूब लावली. आधी थंड वाटलं, मग दुप्पट आग.

"आपा, दुसऱ्याचं औषध का लावलं?"

"दुसऱ्याचं कुठे? निकाह झालाय आमचा."

हसले, पण रक्तातली साखर तपासायला सांगितली. खाज सारखी परत येत असेल तर साखर बघावीच लागते. साखर वाढलेली निघाली. आता आपा नवऱ्याला साखरेशिवाय चहा देतात. त्याला मधुमेह नाही, पण निकाह झालाय ना.

*

पिंपळगाव बसवंतच्या सुनीताने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. ती द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर टेबलाशी उभी राहून घड पेटीत भरते. औषधाचा कोर्स पूर्ण, साखर नॉर्मल, नवराही तपासला. तरी खाज परत.

"मॅडम, उभंच राहवत नाय. सारखी बाथरूमला पळते. सुपरवायझर म्हणतो, पुन्हा पळालीस तर येऊ नको." बोलता बोलता रडायलाच लागली.

मी विचारलं, "आतले कपडे वाळवतेस कुठे?"

"घरात, दोरीवर. टॉवेलखाली. अंगणात सासरे असत्यात."

"वाळतात?"

"नाय. ओलसरच घालते."

"उन्हात वाळत घाल."

ती घाबरलीच. "मॅडम, कायबी औषध द्या. पण हे नका सांगू."

मला चीड आली. घरी जाताना सिग्नलला मान वर करून गॅलऱ्या बघत बसले. शर्ट, साड्या, चादरी. आतले कपडे कुठेच नाहीत. मागचे हॉर्न वाजायला लागले, तेव्हा निघाले.

*

पुढे सुनीता आली ती सासूला घेऊन. सासू पदर खोचून समोर बसली. "उन्हात घाला म्हणून तुमीच सांगितलं का?"

"हो." मनात म्हटलं, आता भांडण.

"बरं केलं. हिची खाज गेली, कामाला जाती. आता मला तपासा. म्याबी लगीन झाल्यापासून टॉवेलखालीच वाळवलं."

"आणि सासरे? काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्या अंगणात दोरी बांधली तवा म्हणाले, लाज वाटती." तिने पदर सारखा केला. "म्हनलं, तुमाला लाज वाटत असंल, तर तुमी बसा टॉवेलखाली."