पस्तीस पावलांच्या आत

स्वोर्ड्स गाव सोडून उत्तरेला निघालं आणि विमानतळाचा घोंघावता गलबला पाठीमागे विरला, की समुद्रावरून येणाऱ्या खारट वाऱ्यात कापलेल्या कोबीचा उग्र, हिरवाकंच वास मिसळू लागतो. दोन्ही हातांना निळसर पानांचे वाफे क्षितिजापर्यंत पसरलेले असतात, आणि उन्हाळ्यातली ती न संपणारी संध्याकाळ त्यांच्यावर मधासारखी संथपणे उतरत असते. कुणालाही हा वास प्रसन्न वाटावा. मला मात्र तो आला की छातीत काहीतरी बारीकसं टोचतं. मत्सराला वास असतो का हो? माझ्या मत्सराला आहे, आणि तो कोबीचा आहे.

माझी बायको रेवती मूळची नागपूरची. कॉलेजात असताना एनसीसीत तिने नेमबाजीची पदकं मिळवली होती, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पण एखाद्याच्या घरी जुनी सतार भिंतीवर टांगलेली असते आणि ती कधी वाजत असेल हे आपल्या मनात येत नाही, तसं ते ठाऊक असणं होतं. आयर्लंडमध्ये आम्हाला नऊ वर्षं झाली. मी सँट्रीच्या एका कचेरीत संगणकापुढे बसतो, ती बॉल्सब्रिजला. तिच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीचे काका, डेस, उत्तरेकडे कोबी आणि लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची जाड पात, पिकवतात. सशांनी निम्मे वाफे कुरतडले आणि म्हाताऱ्याचे डोळे आता साथ देत नाहीत, असं त्या मैत्रिणीने जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, आणि रेवती तितक्याच सहज म्हणाली, मी येऊन बघू का?

छर्‍याच्या बंदुकीलाही इथे पोलिसांचा परवाना लागतो. रेवतीने डेसकडून शेतात शिकार करू देत असल्याची चिठ्ठी आणली, अर्ज भरला, जिन्याखालच्या प्रेसमध्ये (कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो) भिंतीला ठोकून घेतलेली पोलादी पेटी बसवली. पेटीची किल्ली तिच्याकडेच. परवाना तिच्या एकटीच्या नावावर असल्याने मी बंदुकीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. मी हसून मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात ज्याला मी हात लावू शकत नाही असं तिचं काहीतरी पहिल्यांदाच घरात आलं होतं.

सुरुवातीला दर शनिवारी मीही जात असे. डेस पंचाहत्तरीचे, विधुर, उंच आणि थोडे वाकलेले. सोबत एक केसाळ म्हातारी कुत्री. बोलणं जेमतेम. पण जे बोलत ते मनात रुतून बसे. बंदुकीचा पल्ला किती, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं, आणि दुकानदाराने सांगितलेला मोठा आकडाही सुनावला. त्यांनी कोटाच्या खिशातून एक नाणं काढून खोक्यावर टेकवलं. म्हणाले, छर्रा लांब जातो, शंभर पावलंसुद्धा जातो. पण तिथे पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो, वारा त्याला वाटेल तिकडे नेतो, आणि ससा मरत नाही, नुसता जायबंदी होतो. सशाच्या डोक्यातली मर्माची जागा या नाण्याएवढी. ज्या अंतरावरून तू पाचही छर्रे नाण्याच्या आत घालतोस, तेवढा तुझा पल्ला. बंदुकीला स्वतःचा पल्ला नसतो.

मग त्यांनी रेवतीला मातीवर पालथं झोपवलं आणि कागदाचं लक्ष्य पाच-पाच पावलं मागे नेत राहिले. वीस, पंचवीस, तीस. पस्तीसपर्यंत पाचही भोकं एकमेकांत मिसळलेली होती. चाळिसावर एक छर्रा हलकेच बाहेर गेला. पस्तीस, डेस म्हणाले. याच्यापुढे कितीही लठ्ठ ससा बसलेला असला तरी तो आपला नाही. त्यांचा स्वतःचा पल्ला वयानुसार घटत वीसवर आला होता, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं, जणू हवामान सांगावं.

आता मत्सर कशाचा, ते सांगतो. ऐकून हसाल, तरी सांगतो. घरी रेवतीला दहा मिनिटं एका जागी बसवत नसे. चहा पिताना ती फोन चाळायची, माझं वाक्य अर्ध्यात तोडून उठायची. तीच रेवती काटेरी कुंपणाच्या सावलीत चाळीस चाळीस मिनिटं पापणीही न हलवता पडून राहायची. श्वास इतका संथ की पाठीवरचं गवतही हलू नये. आणि तिच्या शेजारी तो म्हातारा, तितकाच निश्चल! दोघांमध्ये शब्द नव्हता, तरी त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं. मी मागे गाडीला टेकून उभा असे. माझ्याबरोबर ती अशी कधी गप्प बसली होती?

घरी परतताना गाडीत डेसपुराण सुरू व्हायचं. डेस म्हणतात, वारा गालावर ओळखावा. डेस म्हणतात, कान लांबलचक आणि पाय उंच असले तर तो मोठ्या जातीचा ससा, त्याला इथे कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्याकडे बंदूक वळवायचीसुद्धा नाही. आपल्या भाषेत दोघांनाही ससाच म्हणतात, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, म्हणून तर नीट बघायला शिकावं लागतं. एकदा डेसनी तिला फोनवर विचारलं, ‘इज युअर मॅन कमिंग?’ ते ऐकून मी आतून सुखावलो: चला, ‘तुझा नवरा’ म्हणून तरी माझी दखल आहे. सोमवारी सँट्रीत एका सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. इथे ‘युअर मॅन’ म्हणजे नवरा वगैरे काही नाही. तो तिकडचा कोणीतरी इसम, एवढंच.

तो इसम मे महिन्यातल्या एका शनिवारी शेवटचा त्या शेतावर गेला.

रेवतीने नेहमीप्रमाणे आधी कागदावर पाच छर्रे मारले. पाचही नाण्याच्या आत. डेसनी कागद उन्हात धरून पाहिला, ‘ग्रँड’ म्हणाले, आणि तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. त्यांनी तो ठेवला. मला दाखवलाही नाही. कुंपणाखाली एक नवं बीळ पडलं होतं, ते पाहायला दोघं गोदामामागे गेली. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून रेवतीने ती बाकावर ठेवली होती. कुत्रीही त्यांच्यामागून गेली. मी आणि ती बंदूक, दोघंच.

बंदुकीवरच्या दुर्बिणीला एक खटक्याखटक्याने फिरणारी चकती असते. तिने नेम वरखाली होतो. तिच्यावर पितळी टोपण, आणि टोपणाखाली रेवतीने आपल्या लाल नखपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलेला, चकती बरोबर जागेवर असल्याची खूण म्हणून. मी टोपण काढलं. चकती फिरवली. किती खटके, मोजले नाहीत. टोपण परत लावलं आणि गाडीशी जाऊन उभा राहिलो. माझ्या मनात काय होतं? खरं सांगतो, सशाचा विचारच नव्हता. एकदा, फक्त एकदा, त्या म्हाताऱ्यासमोर तिचा नेम चुकावा, एवढंच मला हवं होतं. चुकलेल्या छर्‍याला कुठेतरी जाऊन लागावंच लागतं, हे इतक्या शनिवारांत मला शिकता आलं नव्हतं.

ससा अठ्ठावीस पावलांवर बसला होता, निवांत, उन्हाकडे तोंड करून. छर्रा सुटला, आणि तो जागच्या जागी कोसळण्याऐवजी उंच उडाला. जबडा फुटला होता. सशाला आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो लहान मुलासारखा असतो, याहून अधिक लिहवत नाही. ससा ओरडत काट्यांत शिरला. रेवती बंदूक टाकून धावली, कुत्री तिच्यापुढे. डेसनी मात्र आधी बंदूक उचलली, रिकामी केली, आणि टोपण काढलं. लाल ठिपका बाजूला सरकलेला होता. त्यांनी चकती सावकाश उलटी फिरवत आणली; मी खटके ऐकत होतो. बारा. टोपणाखालची चकती धक्क्याने फिरत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“हे तिला तू सांगायचंस,” ते त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. “मी सांगणार नाही.”

मग ते काट्यांकडे गेले आणि कुत्रीने बाहेर ओढलेल्या सशाला त्यांनी एका क्षणात वेदनेतून मोकळं केलं. रेवती काटे टोचलेल्या हातांनी शेजारी गुडघे टेकून बसली होती.

मी त्या संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे नाही. भ्याडपणाचं वैशिष्ट्य असं, की त्याला रोज एक नवं सभ्य कारण सापडतं: आज ती दमलेली आहे, आज ती जरा हसली आहे, आज कशाला? पेटी उघडली गेली नाही. शनिवारी ती घरी राहिली, आणि मला लाज वाटते, पण पहिल्या शनिवारी मी आनंदलो होतो.

मग एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो, तर रेवती खिडकीशी उभी होती. उजवा हात ताठ समोर धरलेला, बोटं पसरलेली, आणि त्यांवर एक कागद आडवा ठेवलेला. ती कागदाच्या कडेकडे टक लावून पाहत होती. मला क्षणभर कळेना. मग कळलं. नागपूरला तिच्या बाबांचा हात थरथरतो. सहा वर्षं झाली; आता त्यांना चहाचा कपही दोन हातांनी धरावा लागतो, आणि त्यांची सुरुवात उजव्या हाताच्या बोटांपासूनच झाली होती. चुकलेल्या नेमाचं कारण ती स्वतःच्या हातात शोधत होती, आणि तिने डॉक्टरांची वेळ घेतली होती. मला न सांगता. कदाचित मला घाबरवायचं नाही म्हणून.

मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. टोपण, ठिपका, बारा खटके, डेसची नजर. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं. तिने कागद खाली ठेवला. ती स्वतःच्या हाताकडेच पाहत राहिली.

“काहून?” तिने विचारलं. खूप लागलं की तिच्या तोंडी नागपूर येतं.

“हेवा वाटला,” मी म्हणालो.

“कोणाचा? त्यांचा?”

हो म्हणणं किती सोयीचं होतं! पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याचा हेवा करणारा नवरा हास्यास्पद ठरतो, आणि हास्यास्पद माणसाला माफी लवकर मिळते. दोन आठवडे मीही स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण तिचा पसरलेला हात अजून माझ्या डोळ्यांपुढे होता.

“तुझा,” मी म्हणालो. “तू तिथे पडलेली असतेस तेव्हा तुला कशाचीच कमी नसते. माझीसुद्धा.”

तिने डोळे मिटले. “त्यांचा म्हणाला असतास, तर मी तुला हसले असते, मंदार,” ती म्हणाली. “आता काय करू?”

ती रडली नाही, भांडली नाही. डॉक्टरांची वेळ तिने रद्द केली, मग तासाभराने पुन्हा घेतली. भीती एकदा आत आली की केवळ खरं कळल्याने निघून जात नाही. डॉक्टरांनी हात उत्तम आहे म्हणून सांगितलं. मग तिने डेसना फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी दाराआड उभा राहिलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं. पुढच्या शनिवारी तिने पेटी उघडली, बंदूक पिशवीत घातली, आणि तू येऊ नकोस, असं शांतपणे सांगून ती गेली. हे ‘येऊ नकोस’ किती दिवसांचं, ते मी विचारलं नाही.

आता शनिवारी मी घरी असतो. हेवा गेलेला नाही. गेला असं लिहिलं असतं तर हा लेख अधिक शोभिवंत झाला असता, पण तो आहे. दुपार कलली की मनातल्या मनात मी त्या कुंपणापाशी जाऊन उभा राहतो आणि तिथे माझी जागा नाही हे मला पुन्हा नव्याने कळतं. आपल्या माणसाचं एखादं सुख आपल्यावाचून पूर्ण असू शकतं, हे कळायला बुद्धी लागत नाही. ते सोसायला काय लागतं, ते मी अजून शिकतो आहे.

तिने आणलेला ससा मी खोबरं भाजून, सावजी मसाल्याचा अंदाज घेत शिजवतो. तो तिच्या गावचा मसाला, माझ्या हाताला पुरता जमत नाही, तरी ती ताट संपवते. डेसचं नाव तिच्या तोंडून आता माझ्यासमोर येत नाही, आणि गंमत म्हणजे मी त्याची वाट पाहतो.

गेल्या शनिवारी ती रिकाम्या हाताने आली. बूट काढून, चहा घेऊन समोर बसली. फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता. जरा वेळाने, मी काही विचारलेलं नसताना, ती सांगू लागली: एक लठ्ठ नर ससा पूर्ण अर्धा तास समोर होता, वारा पडलेला, ऊन मऊ, पण पावलं होती एक्केचाळीस. तो वाफ्यातून एकेक पान निवडून खात होता आणि ती त्याला पाहत होती. शेवटी तो आपणहून निघून गेला.

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही,” ती म्हणाली. “सोडला. तुला सांगावंसं वाटलं.”