कारणाचा रकाना

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. सारख्या रंगाची क्वार्टर्स, लावलेली दारं आणि खिडकीखिडकीत घरघरणारे कूलर. वीज गेली की तो आवाज एकदम तुटायचा आणि घरात कोण कुठे श्वास घेतंय तेही कळायचं. अशाच एका दुपारी, वीज गेलेली असताना, माझी नणंद स्वयंपाकघरातून म्हणाली, "वहिनी, कूलर चालू झाला का गं? ओल्या वाळ्याचा वास येतोय."

कूलर बंद होता. मी उठून जाईपर्यंत ती फरशीवर पडली होती.

तिला लहानपणापासून फिट येत. येण्याआधी तिला नसलेला वास यायचा. गॅसच्या त्या रात्रीपासून आमच्या शहरात वासाबद्दल कोणी सहज बोलत नाही. कुणी नाक वर करून हुंगलं तरी बाकीचे गप्प होतात. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र ती चांगली होती, वसाहतीच्या शाळेत बालवर्ग घेत होती. आणि आता एका महिन्यात ही तिसरी फिट.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, की पोरगी गोळ्या फेकून देते. त्या दिवसापासून संध्याकाळच्या गोळीनंतर त्या तिची हनुवटी धरायच्या. "आ कर. जीभ उचल." सव्वीस वर्षांची मुलगी मुकाट्याने तोंड उघडायची. "घेते गं आई, खरंच घेते," असं ती सुरुवातीला म्हणायची, मग तेही बंद झालं. शाळेच्या मोठ्या बाईंनी कळवलं, की औषध नियमित चालू आहे असं घरच्यांनी लिहून द्यावं. सासूबाईंनी साफ नकार दिला.

मी वसाहतीच्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते. गोळ्यांवर माझा संशय नव्हता, कारण त्या मीच आणलेल्या. तरी एकदा सहज चाळा म्हणून दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत दवाखान्यातल्या नव्या पाकिटातली गोळी टाकली, दुसरीत घरच्या बरणीतली. पहिली काही मिनिटांत विरघळून तिचा गाळ झाला. दुसरी तशीच राहिली. जेवणं झाली, दुपार उलटली, पाणी कोमट झालं, तरी ती तळाशी पांढरी शुभ्र, गोल, कड न ढळलेली. दिसायला अगदी औषध. मला त्या वाटीजवळ जाववेना. इतके दिवस ही वस्तू नणंदेच्या पोटात जात होती आणि तशीच बाहेर पडत असणार.

पाकिटावर छापलेलं असतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आमच्या वसाहतीत मे महिन्यात थंड जागा एकच, कूलरसमोरची फळी. लोणी तिथे, फुलांचा गजरा तिथे, औषधंही तिथेच. कोरड्या हा शब्द आम्ही सगळ्यांनी गिळून टाकला होता. कूलरच्या दमट हवेने त्या जातीच्या गोळ्या घट्ट होतात हे मी शिकलेले होते. आणि पाकिटं फाडून, गोळ्या बरणीत ओतून, बरणी त्या फळीवर मीच ठेवली होती. सगळ्या वसाहतीला शहाणपण शिकवणारी मी!

मी बरणी फेकली, नवी पाकिटं लोखंडी कपाटात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. लाज वाटली, दुसरं काय. फिट थांबल्या. सासूबाई म्हणाल्या, "तोंड उघडून बघायला लागले तेव्हा कुठे ताळ्यावर आली." जुलैत शाळा उघडली आणि बालवर्गावर दुसरी बाई आली.

आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर राज्याच्या औषध समितीवर होते. परदेशात तज्ज्ञ बसून औषधांच्या नियमांचे कच्चे मसुदे लिहीत. मसुदा देशोदेशी जाई, तिथून दिल्ली, समित्या, असं करत आमच्या टेबलावर येई. सोबत चार रकान्यांचा तक्ता असे. कलम, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, कारण. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तुमची हरकत नाही असं धरत. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "मॅडम, नो कमेंट्स लिख दीजिए, कौन पढ़ता है." मी तसं लिहून पाठवायचे. त्या वर्षी मसुदा आला तो गोळ्यांची पाकिटं आणि साठवणीचा. मी पहिल्यांदा तक्ता भरला. पाकीट उघडल्यावर गोळ्या दमट हवेत किती टिकतात तेही तपासावं, आणि पाकिटावर 'थंड'च्या आधी 'कोरड्या' छापावं, असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, की रुग्ण गोळ्या नियमित घेत होती. दोष साठवणीचा, आणि साठवण घरातल्या फार्मासिस्टची.

दोन वर्षांनी सुधारित मसुदा आला, सोबत आलेल्या सगळ्या सूचनांचा छापील गठ्ठा. माझी ओळ होती. पुढे शेरा, तत्त्वतः मान्य. मी हरखून गठ्ठा घरी आणला, टेबलावर टाकला आणि चहा ठेवायला गेले. परत आले तर नणंद वाचत उभी. बोट त्या ओळीवर.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"दोन वर्षांपूर्वी?"

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद नीट रचून ठेवले. "सगळ्या जगाला सांगितलंस वहिनी," ती म्हणाली, "घरात सोडून."

संध्याकाळी सासूबाई रोजच्यासारख्या पाण्याचा पेला घेऊन आल्या. तिने गोळी घेतली. सासूबाईंनी हनुवटीला हात लावला तेव्हा ती सावकाश वळली, माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. जीभ उचलली. डोळे माझ्यावर. वीज होती, कूलर चालू होता, तरी मला त्या खोलीत काहीच ऐकू येईना.

"झालं, मिट आता," सासूबाई म्हणाल्या.

बरणीचं सगळं मी सासूबाईंना सांगेपर्यंत तिने तोंड मिटलं नाही.