पोरगं, पोऱ्या, मुलगा आणि गडी

आमच्या शेठइतकी पुरुषजातीची बारीक वर्गवारी करणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरा नसेल. दुकान पाइप आणि ठिबकच्या सामानाचं. घराणं मूळचं मारवाडातलं, पण बोलणं गिऱ्हाइकांपेक्षा गावरान. अर्धा इंची सॉकेट पाऊण इंचीच्या खोक्यात सापडलं की जेवढे चिडतात, तेवढेच माणसाला चुकीचा शब्द लागला की. मिशी फुटेस्तोवर ते 'पोरगं'. सांगितलेलं विसरतो तो 'पोऱ्या', मग वय पन्नास का असेना. 'तरुण' फक्त पेपरात असतो, "एक तर सत्कार घेतो, न्हाई तर गाडीवरनं पडतो." आणि 'मुलगा' म्हणजे लग्नाचाच. टक्कल पडलेले एक बिनलग्नाचे मास्तर बेचाळिशीतही दुकानात शिरले की शेठ ओरडायचे, "मुलगा आला, खुर्ची द्या!" बँकेच्या नव्या साहेबांनी एकदा माझ्याबद्दल विचारलं, "तो मुलगा कुठंय?" शेठ उठून उभेच राहिले. "स्थळ आणलंय का साहेब? मग आत या, चहा घ्या."

मी नववीत शाळा सोडून यवतमाळकडून आलो. ओळख ना पाळख, तरी शेठनं ठेवून घेतलं, वरची खोली दिली. ते उपकार फिटायचे नाहीत; आणि आपल्या हातून काय चुकेल ही धाकधूकही जात नाही. पहिले सहा महिने मी पोऱ्या होतो, ते रास्तच होतं.

मागच्या वर्षी पारगावचे एक शेतकरी त्यांच्या मुलीसाठी माझी चौकशी करायला आले. मुलीला मी एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून धड जेवलो नव्हतो. इथं मला ना घर ना भाऊबंद. बोलणार ते शेठच. मी फळीमागं कान लावून उभा. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा कसा हाय?"

"कसा म्हंजी? गडी हाय, राव!"

आमच्याकडं गडी म्हणजे सालानं ठेवलेला नोकर, मालकाच्या अंगणात बाजूला बसून जेवणारा. त्याला मुलगी कोण देणार? मी एल्बोच्या खोक्यात तोंड खुपसलं. तेवढ्यात पाहुणे हसले, "तुमी गडी म्हणताय, मग इचारायचं काय राह्यलं? तारीख काढा."

माझं पडलेलं तोंड बघून शेठनं नंतर कारण काढून घेतलं आणि पोट धरून हसले. "आरं, आख्ख्या जन्मात चार जणांना गडी म्हणलो आसंन मी. निम्म्या वाटंत हात सोडत न्हाई तो गडी!" मग "तुमच्याकडं आसं म्हणत्यात व्हय," एवढंच पुटपुटले.

संध्याकाळी आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, "शेठ काय म्हने तुह्याबद्दल?" खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि इतक्या लांबून समजावणार कसं?

"पोरगा चांगला हाये म्हने," मी म्हणालो.

तिचं समाधान झालं. मला मात्र तो शब्द, माझ्याच तोंडचा, जरा तोकडा वाटला.