काळ्या कपड्यांचा निबंध

माझी ताई सव्वीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं करत होती. काजं म्हणजे बटणांची भोकं, एका शर्टाला सात. हे सांगावं लागतं, कारण लोक शर्ट घालतात आणि भोकांकडे बघत नाहीत. आम्हा बहिणींत डोक्याने तीच हुशार. पण आई गेली तेव्हा ती सातवीत होती आणि मी रांगत होते. तिची शाळा सुटली म्हणून माझी झाली. ती हे कधी बोलून दाखवत नाही, त्याचाच मला जास्त राग येतो.

पन्नाशीला तिने प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर. विषय काय, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लेखिकांच्या कादंबऱ्या. भावजी हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

ताईने मात्र त्या जाडजूड अनुवादांचा फडशा पाडला. त्यांतल्या काहीजणींनी पुरुषांची नावं घेऊन पुस्तकं छापली, हे वर्गाच्या बाईंनी सांगितलं, त्या दिवशी ती घरी येऊन भांडी आपटत होती. लिहायचं आपण आणि नाव मिशीवाल्याचं, म्हणत होती.

शेवटी निबंध होता. शाळेचा दाखला नसलेल्यांना पुढच्या पदविकेला बसायचं, तर स्वतःचा एक छापील लेख दाखवावा लागे, आणि वर्गातला उत्तम निबंध संस्थेच्या अंकात छापला जाई. ताईला ती पदविका हवी होती. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

तिने लिहिलं ते असं. कादंबरीत कुणी मरतं, नायिका रडते आणि दोन पानांनी सुतकाच्या काळ्या झग्यात दिसते. तो झगा एका दिवसात कुणी शिवला, हे फारसं कुणी सांगत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, टाका बोटांनी चाचपत घालावा लागतो, डोळे जातात. ज्या लेखिकेने स्वतः असं शिवलंय, तिच्या पुस्तकातली शिवणारी डोळे चोळते. जिने नाही, तिच्या पुस्तकातली नुसती खिडकीशी बसून सुस्कारे टाकते. मी वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं.

आणि मग तिने घोळ घातला. कारखान्यात तयार मालाला चिठ्ठी लागते. तिच्यावर शिवणारीचं नाव नसतं, माल तपासून पास करणारीचं असतं. सव्वीस वर्षांची सवय. ताईने निबंधाच्या वर स्वच्छ अक्षरात बाईंचं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली. स्वतःचं कुठेच नाही.

अंक आला. निबंध पहिल्याच पानावर, शब्द न् शब्द तिचा, नाव बाईंचं. छापण्याआधी मुद्रितं बाईंनीच तपासली होती, तेव्हा नजरचूक वगैरे मला कुणी सांगू नये. प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाने अंक उलटसुलट केला आणि तुमचा लेख कुठाय, म्हणून विचारलं.

आम्ही दोघी बाईंकडे गेलो. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या.

"शब्द तुमचे असतील," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण दृष्टी मीच दिली ना? आणि माझं नाव तर तुम्हीच घातलंत."

मी तोंड उघडणार, तोच ताईने माझा हात दाबला. दुरुस्तीचं एका ओळीचं पत्र द्या, एवढंच ती म्हणाली. बघू, म्हणाल्या. प्रवेशाची मुदत संपली तरी त्या बघतच होत्या.

वर्गाच्या निरोपाच्या दिवशी ताईने मला सोबत नेलं. बाईंनी एका म्हाताऱ्या शिवणकाम करणारीचं, अंक वाचून संस्थेला आलेलं पत्र वाचून दाखवलं. हा निबंध लिहिणारीचे डोळे काळ्या कापडावरच गेले असणार, तिला माझा नमस्कार कळवा, असं त्यात होतं. बाईंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त वेळ ताईच वाजवत होती.

जिन्यात माझा तोल सुटला. तुला लाज कशी वाटत नाही, असंच विचारलं मी तिला.

"अगं, नमस्कार मला होता," ताई म्हणाली. "बाईंनी पोचवला."